केंटकीची पिंपे आणि युरोपचा जकातनाका

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले व विचारले, "मालेत आजवर वेदान्त झाला, मराठ्यांचा इतिहास झाला, आता दारू?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांस एवढेच सांगितले की, आम्ही बोलणार आहोत ते दारूविषयी नव्हे, दारूवर बसणाऱ्या कराविषयी. आणि कर हा विषय वेदान्ताइतकाच जुना असून मराठ्यांच्या इतिहासाइतकाच भांडणांनी भरलेला आहे. गृहस्थ हसले व येतो म्हणाले. ते आले असतील असे धरून आम्ही आरंभ करतो.

अमेरिकेची व्हिस्की युरोपच्या बाजारात कशी शिरली, हा आमचा आजचा प्रश्न. वरवर पाहता त्याचे उत्तर सोपे वाटते. माल चांगला असेल तर खपतो, वाईट असेल तर पडून राहतो, असे आपण समजतो. या व्यापाराचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. पिणाऱ्याच्या जिभेला यात फारसे कोणी विचारलेलेच दिसत नाही. वखारीवरचे सरकारी कुलूप कधी उघडायचे, आणि बाटलीवर कोणते नाव लिहायचे, या दोन गोष्टींनी हा व्यापार कधी चालविला, कधी बंद पाडला.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की सातूची; अमेरिकेची मुख्यतः मक्याची. केंटकी प्रांतात जी 'बर्बन' नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यात कायद्याप्रमाणे निदान ५१ टक्के मका असावा लागतो, आणि ती ओक लाकडाच्या नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात मुरवावी लागते. रंग आणि बराचसा सुवास त्या जळक्या लाकडातून येतो. मक्याची दारू करण्यात चैनीचा भाग कमी व अडचणीचा अधिक होता. ॲपालाशियन डोंगरापलीकडे वसती करणाऱ्या शेतकऱ्याला मक्याची पोती पूर्वेच्या बंदरांना नेणे परवडत नसे. तोच मका गाळून पिंपात भरला की त्याचे वजन घटे, किंमत वाढे, आणि ओहायो व मिसिसिपी या नद्यांवरून तो थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत वाहत जाई. ज्या देशात धान्य उदंड आणि रस्ते वाईट, तेथे भट्टी ही शेतीचीच एक शाखा होऊन बसते.

या शेतकऱ्यांवर हॅमिल्टनने १७९१ मध्ये कर बसविला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंड झाले आणि १७९४ मध्ये खुद्द वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. नवजात प्रजासत्ताकाने आपल्याच नागरिकांवर पहिली मोठी चाल केली ती दारूच्या कराकरिता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जेफर्सनच्या कारकिर्दीत तो कर उठला, आणि मधली तीनचार वर्षे सोडली तर यादवी युद्धापर्यंत अमेरिकेतील भट्टी करमुक्त राहिली. युद्धाने ते दिवस संपविले. १८६२ मध्ये गॅलनमागे २० सेंट कर बसला. युद्ध संपता संपता तो २ डॉलरवर गेला. पुढे तो उतरला, पुन्हा चढला, आणि १८७५ मध्ये ९० सेंटांवर स्थिर झाला. पिंपातील मालाला स्वतःला जो खर्च येई त्याहून हा कर कितीतरी अधिक होता. म्हणजे व्हिस्कीच्या व्यापाऱ्याच्या हाती जो माल होता, त्यात दारू थोडी आणि सरकारचे येणे फार, अशी स्थिती होती.

आता कुलपाची गोष्ट येते, आणि ती जरा सावकाश सांगितली पाहिजे. कारण पुढील सर्व इतिहास तिच्यात आहे. व्हिस्की गाळल्याबरोबर विकण्यायोग्य होत नाही. ती काही वर्षे मुरावी लागते. गाळल्या दिवशीच कर घेतला तर व्यापारी बुडेल. म्हणून सरकारने अशी सोय केली की, माल एका वखारीत ठेवावा, तिला सरकारी कुलूप असावे, सरकारी कारकुनाने तेथे बसावे, आणि माल बाहेर काढताना कर भरावा. परंतु ही सवलत अमर्याद नव्हती. प्रथम एक वर्षाची मुदत होती, १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती तीन वर्षांची झाली. तीन वर्षे भरली की माल विकला गेलेला असो वा नसो, कर भरलाच पाहिजे. निसर्ग पिंपाला पाचसहा वर्षे दे म्हणतो आणि खजिना तीन वर्षांनी दार ठोठावतो, असा हा झगडा होता. शिवाय लाकडातून माल दरसाल उडून जातो, तो निराळाच. या तुटीबद्दल सूट मिळावी असा नियम १८८० मध्ये झाला, तो केंटकीचेच प्रतिनिधी कार्लाइल यांच्या खटपटीने.

(प्रसंगोपात सांगतो: याच सुमारास, १८७८ मध्ये, आपल्या मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळप ठराविक केंद्रांत गोळा करायचे, म्हणजे एकेक गॅलन मोजता येतो, हा विचार दोन्हीकडे एकच. उरणच्या मोहाच्या भट्ट्यांवरील पहारा आणि केंटकीच्या वखारीवरील कुलूप ही एकाच शतकाची अपत्ये होत.)

१८८१ व १८८२ या दोन वर्षांत केंटकीच्या भट्ट्यांनी बेसुमार गाळप केले. भाव चांगले होते, बँका पैसा देत होत्या, आणि तीन वर्षांनंतरचा विचार करण्याची सवय कोणत्याच देशातील व्यापाऱ्याला फारशी नसते. १८८४-८५ उजाडले तेव्हा त्या सगळ्या पिंपांची मुदत एकदम भरत आली. बाजारात तेवढे गिऱ्हाईक नाही. कर भरावा तर रोकड नाही. न भरावा तर माल सरकारजमा. मुदत वाढवून द्या, अशी मागणी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे, म्हणजे तेथील विधिमंडळापुढे, गेली. ती नाकारली गेली. तेव्हा व्यापाऱ्यांनी कायद्याची पुस्तके चाळली आणि त्यांना एक वाट सापडली. परदेशी जाणाऱ्या मालावर हा कर नव्हता.

झाले! केंटकीची पिंपे आगगाडीने बंदरावर आणि तेथून जहाजाने अटलांटिक ओलांडून निघाली. काही बर्म्युडा बेटावर गेली. पुष्कळशी जर्मनीच्या ब्रेमेन व हॅम्बुर्ग बंदरांवर उतरली. ही दोन बंदरेच का, हे पाहण्यासारखे आहे. जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये स्थापन झाले, तरी ही दोन जुनी व्यापारी नगरे १८८८ च्या ऑक्टोबरपर्यंत जर्मन जकातसंघाच्या बाहेर होती. तेथे उतरलेल्या मालाला जर्मनीची जकात लागू होत नसे. एका देशाच्या करातून सुटलेला माल दुसऱ्या देशाच्या करात न पडता मध्येच विसावू शकेल, अशी धर्मशाळाच ती! तेथे पिंपे स्वस्थ मुरत पडत. अमेरिकेत भाव सुधारला की तीच पिंपे पुन्हा जहाजावर चढत, स्वदेशी येत, आणि अंतर्गत कराइतकीच रक्कम आयातकर म्हणून भरून बाजारात जात. कर शेवटी भरावा लागेच. मिळाला तो केवळ अवधी. पण त्या अवधीसाठी दोनदा समुद्र ओलांडणे परवडत होते, यावरून मुदतीचा तो काच केवढा असेल याची कल्पना करावी. पुढे काही विक्रेते, समुद्रप्रवासाने व्हिस्कीची चव सुधारते, अशी जाहिरातही करू लागले. अडचणीला गुण म्हणून विकण्याची कला अमेरिकेला तेव्हाही येत होती.

जरा विचार करा. आयात-निर्यातीच्या तक्त्यात पाहणाऱ्याला त्या वर्षी काय दिसेल? अमेरिकेची व्हिस्की जर्मनीत प्रचंड प्रमाणात जात आहे! वस्तुतः जर्मन माणसाच्या पेल्यात ती क्वचितच पडत होती. प्रशियाचे जमीनदार बटाट्यापासून स्वस्त मद्यार्क काढून तोच परदेशी धाडीत होते. त्यांच्या देशात मक्याची महाग दारू कोण घेणार? इतिहास लिहिताना केवळ आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी ब्रेमेनची ही गोष्ट आम्ही मुद्दाम लांबवून सांगितली. माल युरोपात होता. युरोपच्या बाजारात नव्हता.

वास्तविक त्या काळी युरोपच्या बाजारात जागा रिकामी झाली होती. फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर एक कीड पडून १८७० नंतर ब्रँडीचे उत्पादन कोसळले. ती कीडही अमेरिकेतूनच आलेली, द्राक्षाच्या कलमांवरून. लंडनमधील सुखवस्तू माणसाला जेवणानंतर ब्रँडी मिळेना. अमेरिकेच्या किडीने फळी रिकामी केली, पण तिच्यावर बाटली येऊन बसली ती स्कॉटलंडची. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी सातूची उग्र आणि इतर धान्याची सौम्य व्हिस्की मिसळून एकसारखी चव देणारा माल तयार केला होता, आणि ब्रिटिश साम्राज्याच्या आगबोटी त्यांच्या दिमतीस होत्या. केंटकीच्या मालात मात्र एक खोट होती: त्याच्या नावाचा भरवसा नव्हता. भट्टीतून निघालेली चांगली व्हिस्की घाऊक व्यापाऱ्याकडे जाई. तो तिच्यात कोरा मद्यार्क, रंग आणि फळांचा रस घालून तेच नाव लावी. परदेशी गिऱ्हाईक नावावर विश्वास टाकून माल घेते. त्याला भट्टीवर जाऊन पाहता येत नाही. नाव गेले की बाजार गेला.

या गोष्टीवर उपाय म्हणून १८९७ मध्ये एक कायदा झाला. एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, निदान चार वर्षे सरकारी कुलपात मुरलेली आणि ठराविक जोराची व्हिस्की असेल, तर तिच्या बाटलीवर सरकारी पट्टी लागावी. तोवर कर चुकू नये म्हणून जे कुलूप होते, तेच आता मालाच्या शुद्धतेची साक्ष झाले. तीन वर्षांची ती जाचक मुदतही १८९४ मध्ये आठ वर्षांची झाली होती. मात्र त्याबरोबर कर १ डॉलर १० सेंटांवर गेला. सरकार एका हाताने देते तेव्हा दुसरा हात कोठे आहे हे पाहावे.

पण 'व्हिस्की' म्हणजे काय? हा प्रश्न अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर एकाच वेळी न्यायालयात व मंत्रालयात घुमत होता. लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील काही दुकानदारांवर १९०५ मध्ये खटले झाले, राजाने चौकशी आयोग नेमला, आणि १९०९ मध्ये आयोगाने सांगितले की, माल्टच्या साहाय्याने धान्याची पिष्टे साखरेत उतरवून जे गाळले जाते ते सर्व व्हिस्की. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष टॅफ्ट यांनी आपला निर्णय दिला, तोही धान्याच्या सर्व मद्यांना व्हिस्की म्हणू देणारा. फक्त 'शुद्ध' कोणती आणि 'मिश्र' कोणती हे बाटलीवर लिहिले पाहिजे, अशी अट घालून. मळीपासून, म्हणजे साखर काढून उरलेल्या राबापासून, जे निघते ते व्हिस्की नव्हे, असेही टॅफ्टसाहेबांनी बजावले. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्या आमच्या श्रोत्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

नाव सावरले, कुलूप सावरले, आता व्यापार वाढावा तो १९२० च्या जानेवारीत अमेरिकेत दारूबंदी आली. या घटनादुरुस्तीत पिण्यासाठी दारू तयार करणे व विकणे याबरोबरच तिची निर्यातही बंद झाली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणजे घरच्यांना सुधारण्यासाठी परक्यांचेही गिऱ्हाईक सोडले. केंटकीतील मेरी डाउलिंग नावाच्या एका आसवनी-मालकिणीने आपली भट्टी उखडून मेक्सिकोतील ह्वारेस गावी नेली व तेथे बर्बन गाळण्यास आरंभ केला. तिचा धंदा पुढे आपल्या कथेत एक लहानसा काटा होणार आहे. १९३३ च्या डिसेंबरात बंदी उठली. पण व्हिस्कीच्या धंद्यात दार उघडले म्हणजे दुकान उघडले असे होत नाही. आज गाळलेले चार वर्षांनी विकायचे. चांगला जुना माल जमतो न जमतो तोच १९४२ साल आले आणि महायुद्धासाठी सर्व भट्ट्यांना कारखान्यांना लागणारा मद्यार्क गाळण्याचा हुकूम झाला. पाव शतकात दोनदा साखळी तुटली. मधल्या काळात स्कॉटलंडने केवळ युरोपच नव्हे, तर अमेरिकाही जिंकली होती. महायुद्धानंतर कर्जबाजारी ब्रिटनला डॉलर मिळवून देणाऱ्या वस्तूंत स्कॉच अग्रभागी होती. घरच्या लोकांना बाटली मिळेना, पण न्यूयॉर्कला मिळे. अशा वेळी डॉलर खर्चून बर्बन आणण्याची बुद्धी लंडनला कशी व्हावी?

तरी एक पाऊल पडले होते. पश्चिम जर्मनीत अमेरिकेच्या छावण्या बसल्या. ब्रेमेन हेच अमेरिकन सैन्याचे रसद उतरविण्याचे बंदर ठरले, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो. शिपायांच्या उपाहारगृहांतून, त्यांच्या नभोवाणीवरील गाण्यांतून व चित्रपटांतून जर्मन तरुणांना या पेयाचे नाव प्रथम कानी पडले. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्या बंदरात पिंपे पाहुणी म्हणून पडून राहत, त्या देशात आता तिचे खरे गिऱ्हाईक तयार होऊ लागले.

आणि येथे १८८५ ची गोष्ट जशीच्या तशी पुन्हा घडली. शेन्ली या बलाढ्य मद्य कंपनीचे प्रमुख ल्युइस रोझेनस्टील यांनी १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटलेले पाहिले. १९४२ ची आठवण ताजी होती: युद्ध लांबेल, भट्ट्या पुन्हा सरकारजमा होतील, तेव्हा ज्याच्या वखारीत माल तोच राजा. त्यांनी भट्ट्या रात्रंदिवस चालविल्या. युद्ध १९५३ मध्ये थांबले. भट्ट्यांवर कोणी हात ठेवला नाही. आणि रोझेनस्टील यांच्या वखारी पिंपांनी तुडुंब भरून राहिल्या. आठ वर्षांची मुदत १९५८ पासून भरणार होती, आणि कर आता गॅलनमागे साडेदहा डॉलर होता! १८८५ च्या व्यापाऱ्यांना काँग्रेसने विन्मुख पाठविले. १९५८ मध्ये मात्र मुदत एकदम वीस वर्षांची झाली. या दोन निकालांत फरक का पडला, हे विचारणे भाबडेपणाचे होईल. १८८५ मध्ये शेकडो लहान भट्टीवाले होते. १९५८ मध्ये बहुतेक धंदा मोजक्या कंपन्यांच्या हाती आला होता, आणि मोजक्यांचा आवाज एकत्र ऐकू येतो.

मुदत मिळाली तरी गिऱ्हाईक हवेच. रोझेनस्टील यांनी परदेशचा बाजार धरण्याचे ठरविले. बर्बनच्या प्रचारासाठी त्याच वर्षी एक संस्था उभी राहिली, आणि तिने जुनाच धडा नव्याने गिरविला: प्रथम नाव पक्के करा. शॅम्पेन फक्त फ्रान्सची, स्कॉच फक्त स्कॉटलंडची. तशी बर्बन फक्त अमेरिकेची असे जगाने मानले पाहिजे. केंटकीचे सिनेटर थ्रस्टन मॉर्टन यांनी ठराव आणला, आणि १९६४ च्या मे महिन्यात काँग्रेसने बर्बन ही अमेरिकेची वैशिष्ट्यपूर्ण वस्तू असल्याचे जाहीर केले. ठराव लहानसा आहे. त्याने प्रत्यक्षात काय केले? परदेशात केलेली बर्बन अमेरिकेत आणू देऊ नये असे सुचविले. ह्वारेसच्या भट्टीचा काटा त्याने निघाला. युरोपबद्दल त्यात अक्षर नाही. परंतु परक्याच्या दारात आपल्या नावाचा हक्क सांगायचा तर प्रथम तो आपल्या घरात लिहिलेला असावा लागतो. त्या ठरावाचे फळ तीस वर्षांनी आले. १९९४ मध्ये युरोपीय समुदाय व अमेरिका यांनी एकमेकांची नावे मान्य केली: तुम्ही स्कॉच, कोन्याक यांचे नाव वापरू नका, आम्ही बर्बन व टेनेसी यांचे वापरणार नाही. पाठोपाठ दोन्ही बाजूंनी व्हिस्कीवरील जकातही शून्यावर आणली. पिंप भरून वखारी फुगल्या म्हणून जो ठराव झाला, तो शेवटी राष्ट्रीय वारशाच्या नावाने नांदू लागला. आम्ही याला दांभिकपणा म्हणत नाही. बहुतेक वारसे असेच, कोणाच्या तरी गरजेतून, उभे राहिलेले असतात.

येथे आमच्या नागरिकांच्या घरचा प्रश्न उपस्थित होतो. युरोपने १९८९ मध्ये आपली व्याख्या केली: व्हिस्की धान्याचीच हवी, लाकडाच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरलेली हवी, आणि तिच्यात निदान ४० टक्के मद्यार्क हवा. अमेरिकेत साध्या बर्बनला वर्षांची अट नाही, 'स्ट्रेट' म्हणविणाऱ्या बर्बनला दोन वर्षांची आहे. तेव्हा नव्याने भट्टी घालणाऱ्या लहान अमेरिकन माणसाचा दोन वर्षांचा माल घरी व्हिस्की, आणि युरोपच्या नाक्यावर नुसते मद्य. त्यातच युरोपची बाटली ७० सेंटिलिटरची, अमेरिकेची ७५ ची. म्हणून दोन देशांसाठी दोन प्रकारच्या बाटल्या भराव्या लागत. अमेरिकेने २०२० च्या अखेरीस ७० सेंटिलिटरची बाटलीही चालेल असे ठरविले, तेव्हा हा लहानसा जाच संपला. बड्या कंपनीला अशा गोष्टी जाणवतही नाहीत. लहानाला त्या दाराबाहेर ठेवतात.

आणि आपण? भारतात दीर्घकाळ जी व्हिस्की म्हणून खपली, तिचा बराच भाग साखर कारखान्यांतील मळीच्या मद्यार्काचा. खपाच्या दृष्टीने ती जगातील मोठ्यात मोठ्या बाजारांपैकी एकाची मालकीण. पण युरोपच्या नाक्यावर तिला व्हिस्की म्हणता येत नाही. कोणी म्हणेल, ही स्कॉटलंडची लबाडी आहे. व्याख्या त्यांनी केली, आपल्या मालाचे माप घेऊन केली. त्यात तथ्य आहे. पण टॅफ्टनेही १९०९ मध्ये तेच सांगितले होते, आणि तेव्हा आपल्या मळीचा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आमचे स्पष्ट मत असे की, गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे हे नावावरून कळलेच पाहिजे. मळीच्या मद्याने स्वतःचे नाव कमवावे, धान्याच्या मद्याचे उसने घेऊ नये. रम हे नाव त्याच मळीने जगभर कमावलेले आहे. हे मत सर्वांस रुचेल अशी आमची अपेक्षा नाही.

शून्यावर आलेली जकात शून्यावर राहिली नाही. १९६३ मध्ये युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर वाढविला म्हणून अमेरिकेने युरोपच्या ब्रँडीवर तो वाढविला होता. भांडण कोंबडीचे आणि दंड मद्याला, ही रीत जुनीच. २०१८ मध्ये अमेरिकेने परदेशी पोलादावर २५ टक्के कर बसविला, तेव्हा युरोपीय संघाने २२ जूनपासून अमेरिकन व्हिस्कीवर तेवढाच बसविला. व्हिस्कीच का? कारण सिनेटमधील बहुमताचे नेते केंटकीचे होते. मोटारसायकली व निळ्या विजारी याही यादीत होत्या, पण पोलादाशी पिंपाचा संबंध एवढाच की, दोहोंवर मते अवलंबून असतात. पुढील तीन वर्षांत युरोपात जाणारी अमेरिकन व्हिस्की सुमारे एक-पंचमांशाने घटली. बड्या कंपन्यांनी बोजा काही काळ स्वतः सोसून किंमत आवरून धरली. लहान भट्टीवाल्यांचे युरोपातील आयातदार नवा माल मागविण्याचे थांबले. २०२२ च्या आरंभी तो कर तहकूब झाला आणि व्यापार झपाट्याने सावरला. २०२५ च्या मार्चमध्ये युरोपने तो ५० टक्क्यांनी परत आणण्याची घोषणा केली, अमेरिकेच्या अध्यक्षांनी युरोपच्या द्राक्षमद्यावर २०० टक्क्यांची धमकी दिली, आणि एप्रिलमध्ये कराची यादी ठरली तेव्हा बर्बन तीतून वगळली गेली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत भारतानेही बर्बनवरील आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणले होते.

या सगळ्या काळात अमेरिकेची एक वस्तू मात्र युरोपात बिनबोभाट जात राहिली. बर्बनला प्रत्येक वेळी नवे पिंप लागते, असा नियम दारूबंदी उठल्यानंतरच्या दशकात झाला; मग एकदा वापरलेल्या पिंपाचे करायचे काय? ती पिंपे सुटी करून, फळ्यांच्या जुड्या बांधून स्कॉटलंडला जाऊ लागली. तेथील कारागीर त्या फळ्यांची पुन्हा पिंपे बांधीत व त्यांत स्कॉच मुरवीत. शेरीची जुनी पिंपे दुर्मिळ होत गेली तसतसे स्कॉटलंड या अमेरिकन लाकडावर अवलंबून राहू लागले. आज तेथे मुरणाऱ्या पिंपांपैकी बहुसंख्य त्याच लाकडाची आहेत. बर्बनशी चढाओढ करणारी स्कॉच बर्बनच्याच पिंपातून चव घेते.

तीच पिंपे पुढे आपल्याकडेही आली. बंगळूरच्या अमृत आसवनीने सातूपासून केलेली व्हिस्की २००४ मध्ये थेट ग्लासगोच्या बाजारात नेऊन ठेवली. २०१२ मध्ये गोव्यातील पॉल जॉन ही इंग्लंडात पोचली. दोन्ही धान्याच्या, तेव्हा नाक्यावर नावाची अडचण आली नाही. गोव्याच्या उन्हात पिंपातला माल स्कॉटलंडच्या कितीतरी पट वेगाने उडून जातो. तेथील बारा वर्षांचे काम येथे पाचसहा वर्षांत उरकावे लागते, नाहीतर पिंपात काही उरत नाही. लाकूड मात्र तेच: केंटकीत एकदा बर्बनने भिजलेले, आतून जळलेले, समुद्र ओलांडून आलेले ओक.